कानातला नाद आणि पणजीतील एक श्रवणकेंद्र : वर्षभराचा अनुभव

पणजीतील एका श्रवणकेंद्रात मी गेले वर्षभर कर्णनाद आणि आवाज सहन न होणे या दोन तक्रारींसाठी उपचार घेत आहे. त्या केंद्राविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. केंद्राचे किंवा तेथील मंडळींचे नाव मी देत नाही, कारण वाचणाऱ्याने नावापेक्षा कामाची पद्धत लक्षात ठेवावी आणि आपल्या गावाजवळच्या केंद्रात ती आहे की नाही हे स्वतः तपासून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. मी सत्तरी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत बावीस वर्षे शिकवते आहे. मुलांचा गलका, टाळ्या, पाढे, घंटा यांतच माझा दिवस जातो, आणि एक वेळ अशी आली की यांपैकी काहीच मला सोसेनासे झाले.

2024 च्या जानेवारीत शाळेचे स्नेहसंमेलन होते. सूत्रसंचालन माझ्याकडे असल्यामुळे मी सुमारे तीन तास ध्वनिक्षेपकाच्या खोक्याला जवळजवळ खांदा लावून उभी होते. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन्ही कानांत रातकिडा ओरडावा तसा बारीक, सलग आवाज सुरू झाला. जत्रेतले नाटक जवळून पाहिले की असे पूर्वीही व्हायचे आणि सकाळपर्यंत ते निवायचे, म्हणून मी मनावर घेतले नाही. यावेळी तो आवाज सकाळी होता, आठवड्यानंतर होता आणि महिन्यानंतरही तसाच होता. फेब्रुवारीत त्याच्या जोडीला दुसरे दुखणे आले. स्टीलच्या ताटावर ताट ठेवल्याचा आवाज कानात सुई टोचल्यासारखा जाऊ लागला. पहाटे सायकलवरून येणाऱ्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याची लहानपणापासून वाट पाहिलेली, पण आता तो वळणावर वाजला की मी उशी कानावर दाबू लागले. आमच्या शाळेत घंटा म्हणून लोखंडी रुळाचा एक तुकडा पिंपळाला टांगलेला आहे. तो वाजायच्या दोन मिनिटे आधीच माझे खांदे आखडत आणि हाताला घाम सुटे.

पुढचे चार महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण या दुखण्याची बहुतेक माणसे त्याच वाटेने जातात. एका डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिले, "वयोमानाने होते, सवय करून घ्या," असे सांगितले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी काही झाले नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य होते हे मला पुढे समजले, पण सवय कशी करून घ्यायची हे त्यांनी सांगितले नव्हते, आणि नेमके तेच तर मला हवे होते. नंतर श्रवणयंत्रांच्या एका दुकानात मोफत तपासणीची पाटी पाहून गेले. तपासणीची खोली म्हणजे काचेचा आडोसा होता, बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न आत स्पष्ट ऐकू येत होते. पूर्वसूचना न देता त्यांनी कानात इतका मोठा आवाज सोडला की पुढे दोन दिवस माझे कान ठणकत राहिले, आणि त्यानंतर लगेच 1,10,000 रुपयांच्या यंत्रांच्या जोडीचे दरपत्रक माझ्यासमोर ठेवले. घरी सासूबाई मायेने लसूण घालून कढवलेले तेल कानात घालायचा आग्रह करीत होत्या. पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कानात काहीही घालू नये, एवढे मला ठाऊक होते म्हणून ते टळले.

जूनमध्ये बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात गेले. पडदा, मळ, मधल्या कानातील दोष, रक्तदाब आणि चालू असलेली औषधे हे सगळे पाहून झाले. या टप्प्याला फाटा देऊन कोणीही थेट श्रवणकेंद्रात जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगते. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकू येणे एकदम कमी झाले, तर ती तातडीची गोष्ट असते आणि त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके अधिक उपयोगी पडतात. नाद एकाच कानात असला, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असला, तर त्याची वेगळी आणि सखोल तपासणी करावी लागते. माझ्या बाबतीत यांपैकी काही नव्हते. आतल्या कानाला आवाजामुळे इजा झाली असावी, असे निदान झाले आणि श्रवणतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला.

अशा रीतीने जुलै 2024 मध्ये मी या केंद्रात पोहोचले. वाळपईहून साखळी, डिचोलीमार्गे पणजी गाठायला कदंब बसने मला दीड तासाहून अधिक लागतो. त्या दिवशी पाऊस होता आणि मी दोन्ही कानांत फोमचे बोळे घालून बसले होते. केंद्राच्या भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र लावलेले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. 1992 च्या कायद्याने श्रवणतज्ज्ञाला ही नोंदणी बंधनकारक आहे, आणि यंत्रे विकणारा प्रत्येक माणूस श्रवणतज्ज्ञ नसतो, हे मला त्या दुकानात जाण्यापूर्वी माहीत असते तर बरे झाले असते. येथील श्रवणतज्ज्ञ मॅडमनी वाक्-श्रवण विषयातील पदवी आणि पुढचे शिक्षण मुंबईत घेतलेले आहे. मी समोर बसले तेव्हा माझ्या कानांतील बोळे त्यांनी पाहिले आणि आवाज खाली आणून कोंकणीत म्हणाल्या, "तुमकां कितें जाता तें सारकें सांगात. घाय ना." चार महिन्यांत घाई नाही असे मला कोणी प्रथमच सांगत होते.

पहिली भेट दीड तासाची झाली आणि तिचे 1,200 रुपये घेतले. त्यातला पहिला अर्धा-पाऊण तास एकही यंत्र लावले नाही, केवळ प्रश्न विचारले. आवाज कसा आहे या प्रश्नाला उत्तर देताना मी अडखळले. आपल्याकडे यासाठी शब्दांची वानवा नाही : कोणाच्या कानात शिट्टी वाजते, कोणाच्या घूं घूं होते, कोणाच्या कुकरची वाफ सुटल्यासारखे होते. आयुर्वेदानेही कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नाद ऐकू येतात आणि दुसऱ्यात वेणूसारखा, असे वर्णन आहे. मी "रातकिडा" म्हटले तेव्हा त्यांनी विचारले, "एक की अनेक? सलग की थांबत थांबत? झोपेतून उठल्यावर आधी जाणवतो की तुम्ही शोधायला गेल्यावर?" हा शेवटचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. मी दररोज सकाळी डोळे उघडण्याआधी तो आवाज शोधत असे, आणि सापडला की दिवस वाया गेला असे समजत असे.

त्यानंतर तपासणी झाली. येथील ध्वनिरोधक कक्ष खरोखर ध्वनिरोधक आहे. जाड दार बंद झाले की बाहेरचा अठरा जून रस्ता नाहीसा होतो, आणि अर्थात आपला नाद मोठा होतो. त्याची कल्पना त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. 250 हर्ट्झपासून 8,000 हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवले गेले. ऑडिओग्रामवर, म्हणजे या तपासणीच्या आलेखावर, माझी रेषा 4,000 हर्ट्झपाशी खाली खचलेली दिसली : उजवीकडे 30 डेसिबल, डावीकडे 35. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे, असे त्यांनी त्या रेषेवर पेन्सिल ठेवून सांगितले. बोलणे ऐकायला मला अडचण नव्हती, म्हणूनच आजवर कोणाच्या हे लक्षात आले नव्हते.

नादाची मोजणी हा सर्व भेटींतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग आहे. यंत्रातून वेगवेगळे सूर सोडून त्यांनी माझ्या नादाचा सूर जुळवून घेतला. तो 6,000 हर्ट्झच्या आसपास निघाला. मग त्याच सुराचा आवाज हळूहळू वाढवत नेऊन, "आता तुमच्या आतल्या आवाजाएवढा झाला का?" असे विचारत राहिल्या. जुळला तेव्हा त्यांनी आकडा मला दाखवला. जो आवाज मला रात्र रात्र झोपू देत नव्हता, तो माझ्या ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा 6 डेसिबलनेच वर होता. क्षणभर मला अपमान झाल्यासारखे वाटले, माझे दुखणे खोटे आहे असे कोणी म्हणत असल्यासारखे. तो भाव त्यांनी ओळखला असावा. बहुतेक रुग्णांचा आकडा असाच लहान निघतो, आणि त्रास त्या आकड्यावर ठरत नसून मेंदू त्या आवाजाला धोक्याची सूचना मानतो की नाही यावर ठरतो, हे त्यांनी शांतपणे समजावून दिले. 1990 च्या सुमारास पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने मांडलेली ही उपपत्ती आहे आणि पुढचा बराचसा उपचार तिच्यावर उभा आहे.

आवाज कुठवर सोसतो याची तपासणी करताना मात्र मी घाबरले होते, कारण दुकानातला अनुभव ताजा होता. येथे त्यांनी आवाज अगदी खालून सुरू केला, प्रत्येक पायरी आधी सांगितली आणि मी बोट वर केले की थांबायचे असे ठरवून घेतले. सामान्यतः माणसाला 90 ते 100 डेसिबलपर्यंतचा आवाज नकोसा वाटत नाही. माझे बोट 70 लाच वर आले. विशिष्ट आवाजांची, म्हणजे कोणाच्या चावण्याची किंवा भुरके मारण्याची चीड येणे ही तक्रार वेगळी, आणि कुठलाही आवाज प्रमाणाबाहेर मोठा वाटून दुखणे ही वेगळी, हा फरकही त्यांनी मला नीट समजावला. माझी तक्रार दुसरी होती.

शेवटी 25 प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. 1996 पासून जगभर ती वापरात आहे. हो, कधी कधी, नाही अशी तीन उत्तरे आणि 4, 2, 0 असे गुण असतात, म्हणजे सर्वाधिक त्रासाला 100. मला 62 गुण आले. ते तीव्र त्रासाच्या गटात मोडतात. केंद्रावरचा माझा पहिला आक्षेप येथेच आहे : ही प्रश्नावली त्यांच्याकडे इंग्रजीत होती. माझे निभावले, पण माझ्या शेजारी बसलेल्या, पेडण्याहून आलेल्या एका काकांना त्यांची नात एकेक प्रश्न उलगडून सांगत होती. रात्री झोप लागत नाही का, निराश वाटते का, कुटुंबीयांशी बोलताना चिडचिड होते का, हे प्रश्न आजोबांनी नातीच्या तोंडून ऐकावेत आणि तिच्यादेखत उत्तरे द्यावीत, हे मला बरे वाटले नाही. मी मॅडमना तसे सांगितले. पुढच्या तीन भेटींत आम्ही दोघींनी मिळून बसून त्या प्रश्नांचे बोलीच्या जवळ जाणारे मराठी रूप कामापुरते तयार केले. आता ते तोंडी विचारण्यासाठी वापरतात. कोंकणी रूप अजून व्हायचे आहे.

उपचाराची सुरुवात समजावण्यापासून होते, आणि हे समजावणे म्हणजे धीराचे दोन शब्द बोलून पाठवणे नव्हे. आतल्या कानातील, केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, त्यामुळे त्या पट्ट्यातून मेंदूकडे येणारा संदेश कमी पडतो, मेंदू आपल्या बाजूने आवाज चढवून घेतो आणि त्या चढवण्यातूनच नाद जाणवतो, असे आज मानले जाते. नाद बंद करणारी गोळी नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. जीवनसत्त्वे, जस्ताच्या गोळ्या, जिंको या झाडाचा अर्क यांवर पैसे घालू नका असेही सांगितले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने 2014 मध्ये दिलेला सल्लाही हाच आहे. मग सवय होते म्हणजे काय होते? याचे उत्तर मला माझ्याच घरात सापडले. माझे माहेर म्हादईच्या काठी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे येणारे पाहुणे पाण्याच्या घोंगावण्याने रात्रभर कूस बदलत राहत, आणि आम्हा भावंडांना "कसला आवाज?" असे विचारावे लागे. नदी थांबलेली नसे, आमच्या कानांनी तिला घरचे मानलेले असे. मी हे मॅडमना सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता हेच आपल्याला तुमच्या रातकिड्याच्या बाबतीत घडवायचे आहे."

त्यासाठी घरात सतत मंद आवाज ठेवायचा होता, नादाला बुडवून टाकणारा नव्हे, तर त्याच्या किंचित खाली राहून त्यात मिसळणारा. पूर्ण झाकलेल्या गोष्टीची सवय होत नाही, हे त्यामागचे कारण. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम आमच्या कौलांवरच्या पावसानेच केले, आणि पावसाळ्यात मला बरे का वाटत होते याचा उलगडाही त्यातून झाला. पाऊस ओसरल्यावर फोनवर ध्वनिमुद्रित पाऊस आणि उशीखाली ठेवायचा एक लहान स्पीकर, एवढ्यावर भागले. माझी श्रवणहानी सौम्य असल्यामुळे त्यांनी मला यंत्र घ्यायला लावले नाही. हे केंद्र यंत्रेही विकते, त्यामुळे मी सावध होते आणि सरळ विचारले. उत्तर असे मिळाले की ऐकू कमी येत असेल तर यंत्राने नादही पुष्कळांना कमी जाणवतो, परंतु तुम्हाला आज त्याची गरज दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. सहा महिन्यांनीही गरज दिसली नाही.

कानांतील बोळे सोडणे सर्वांत अवघड गेले. शांततेत कान झाकून ठेवले तर मेंदू आवाज आणखी चढवतो आणि असह्यता वाढते, हे पटूनही हात खिशातल्या त्या लहान डबीकडे जाई. पहिल्या आठवड्यात घरात बोळे नाहीत, दुसऱ्यात घराबाहेर पायी चालताना नाहीत, चौथ्यात वर्गात नाहीत, असे वेळापत्रक ठरले. खऱ्या मोठ्या आवाजासाठी मात्र ते जवळ ठेवायचे : दारूकाम, ढोल-ताशे, डीजे. आठवड्याला 40 तास 80 डेसिबलपर्यंतचे ऐकणे जागतिक आरोग्य संघटना सुरक्षित मानते. आवाज जसा चढतो तशी ही वेळ वेगाने आटत जाते, आणि ध्वनिक्षेपकाशेजारच्या माझ्या तीन तासांचा हिशेब मला त्या दिवशी कळला. शाळेभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा असते. आमच्या संमेलनात त्याची आठवण कोणालाच झाली नव्हती, मलाही नाही. यंदाच्या संमेलनात खोकी मैदानाच्या टोकाला, मुलांपासून दूर आणि उंचावर ठेवून घेतली.

घंटेचा उपाय मॅडमनी माझ्याकडूनच काढून घेतला. सर्वांत भीती कशाची वाटते असे विचारल्यावर मी रुळाच्या तुकड्याचे नाव सांगितले. त्यांनी तो आवाज फोनवर मुद्रित करून आणायला लावला. घरी, संध्याकाळी, चहा पिताना तो जेमतेम ऐकू येईल इतका लहान करून पाच मिनिटे ऐकायचा, चार दिवस काही वाटले नाही तर एक घर वाढवायचे, दुखले तर एक घर मागे यायचे, असा क्रम होता. महत्त्वाची अट अशी की ऐकणे-थांबवणे माझ्या हातात हवे. पहिल्या संध्याकाळी आवाज इतका लहान होता की माझा मुलगा "यात काय आहे?" म्हणाला, आणि माझ्या मात्र हातातला कप हलत होता. सात आठवड्यांनी मी तोच आवाज प्रत्यक्षात व्हरांड्यातून ऐकला. पुढे दहा पावलांवरून ऐकला. मुख्याध्यापक सरांनी त्या काळात माझा वर्ग पिंपळापासून दूरच्या खोलीत हलवला, त्याचाही उपयोग झाला. चौथीतला एक मुलगा घंटा देण्यापूर्वी दारात येऊन, "बाई, आता देतो हं," असे सांगून जाई. हे त्याला कोणीही शिकवले नव्हते.

केंद्रात दर गुरुवारी एक मानसशास्त्रज्ञ येतात. त्यांच्याकडे संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे सीबीटीची, सहा सत्रे झाली. प्रत्येकी 800 रुपये. नादाचा त्रास कमी करण्यासाठी ज्या उपचारांना सर्वांत भक्कम पुरावा आहे त्यांत हा येतो. नाद त्याने कमी होत नाही, त्याच्याभोवती गोळा झालेली भीती कमी होते. मी एक वही केली होती. डाव्या पानावर मनात आलेले वाक्य, उजव्या पानावर त्याची तपासणी. "हा आवाज असाच वाढत जाऊन मला वेड लागेल," हे वाक्य पहिल्या महिन्यात अकरा वेळा लिहिलेले आहे. उजव्या पानावर ऑडिओग्रामचे आकडे, त्या दिवशी किती तास नाद आठवला नाही त्याची नोंद, असे लिहीत गेले. मी हे उघडपणे लिहिते की त्या उन्हाळ्यात, झोप न लागलेल्या काही रात्री, जगणेच नको असे विचार माझ्या मनात येऊन गेले होते. ज्यांना आज तसे वाटत असेल त्यांनी सत्राच्या तारखेची वाट पाहू नये. 14416 हा टेली मानसचा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि बांबोळीला मानसोपचार संस्थेतही जाता येते. घरच्यांना सांगणे हा त्याआधीचा उपाय आहे, आणि मी तो फार उशिरा केला.

आता उणिवा. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे वृद्धांना कठीण पडते. प्रतीक्षेच्या खोलीत लोखंडी पायांच्या खुर्च्या फरशीवर ओढल्या की जो कर्कश आवाज होई, तो आवाज न सोसणाऱ्या माणसांच्या खोलीत मुळीच असायला नको होता. मी सांगितल्यावर महिनाभराने खुर्च्यांना रबरी टोपणे बसली, पण हे रुग्णाने सांगावे लागू नये. सप्टेंबरमध्ये तपासणी चालू असताना वीज गेली, खाली जनरेटर सुरू झाला आणि सगळे अर्ध्यावर राहिले. तपासणी पुन्हा केली तेव्हा पैसे घेतले नाहीत, मात्र माझी एक रजा आणि एक फेरी वाया गेली. सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील रुग्णांसाठी शनिवारी दुपारनंतरची वेळ असायला हवी. तीन वेळा विनंती करूनही ती अजून मिळालेली नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे या दुखण्याच्या माणसांना एकमेकांशी बोलता येईल असे काहीही तेथे नाही. महिन्यातून एकदा तासभर आठ-दहा जण एकत्र बसले तरी पुष्कळ होईल. मी दोनदा सुचवले आहे आणि खोली लावून द्यायची तयारी दाखवली आहे.

मार्चमध्ये शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत घसरणही झाली. बहिणीचा मुलगा रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळात, होता म्हणून मी म्हापशाला गेले. बोळे घातले होते, तरी चित्ररथावरच्या खोक्यांसमोर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ अडकले. पुढचे नऊ दिवस नाद चढलेला होता आणि ताट-वाट्यांचा आवाज पुन्हा टोचू लागला. केंद्राला फोन केला तर उलट फोन यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी सगळी मेहनत पाण्यात गेली असे धरून चालले होते. फोन आल्यावर मॅडमनी आवाजाचा क्रम दोन घरे मागे नेऊन पुन्हा सुरू करायला सांगितले, आणि दहाव्या दिवशी नाद पूर्वीच्या जागी आला. अशी घसरण बहुतेकांची होते हे त्यांनी आधी सांगून ठेवले असते, तर ते दोन दिवस इतके जड गेले नसते.

या जूनमध्ये सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. ऑडिओग्रामची रेषा होती तेथेच आहे. नादाचा सूर तोच आहे आणि त्याची मोजणीही जवळपास तीच आली. प्रश्नावलीचे गुण 62 वरून 28 वर आले आहेत आणि माझे बोट आता 85 डेसिबलला वर येते. वर्षभरात सगळे मिळून, बसभाडे सोडून, साधारण 14,000 रुपये खर्च झाले. शिक्षिकेच्या पगारात तो बसतो. रोजंदारीच्या माणसाला तो बसणार नाही, आणि त्याने बांबोळीची वाट आधी धरावी असेच मी म्हणेन. नाद आहे, हे लिहीत असतानाही आहे. हा परिच्छेद सुरू करेपर्यंत मात्र त्याची आठवण झाली नव्हती. पोदेराचा भोंगा पुन्हा नुसता भोंगा झाला आहे, आणि उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी घेऊन मीच फाटकाशी उभी राहते.

पुढची भेट ऑगस्टमध्ये, चवथीच्या आठवडाभर आधीची आहे. आमच्या घरी दीड दिवस गणपती असतो आणि आरतीला माझे दीर घुमट वाजवतात, जोडीला शमेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, असतातच. गेल्या वर्षी मी आरतीच्या वेळी मागच्या पडवीत जाऊन बसले होते. यंदा कितव्या आरतीपर्यंत माजघरात उभे राहायचे, कासाळ्यांपासून किती अंतरावर, आणि बोळे कधी घालायचे, हे त्या भेटीत ठरवायचे आहे.